किल्ली काढल्यावर

काका आमच्या सौंसरच्या गॅरेजचे वायरमन. कॉइल, पॉइंट, प्लग, पेट्रोल गाडीची नस न नस त्यांना ठाऊक. मी पांढुर्ण्याचा, नागपुरात डिझेलचं काम शिकून आलेला मिस्त्री. गिऱ्हाइकांदेखत ते मला म्हणायचे, "वायरीले हात लावू नोको बे, तू नट कस." अस्सा राग यायचा! आजही आठवलं की कानशिलं तापतात.

त्या दिवसांत पेट्रोल परवडेना म्हणून जो तो गाडीत डिझेल इंजिन टाकत होता. एका संत्रा व्यापाऱ्यानं आपली जुनी कार आणून लावली. मालकानं काकांसमोरच मला सांगितलं, "याइले हे वायरिंग जमलं तर ठीक, नाही तर काकाची कामावरून सुट्टी. मंग तूच पाहाय."

इंजिन मी बसवलं. डिझेलला ठिणगी लागत नाही. ते बंद करायला वेगळी तार ओढून तेल तोडावं लागतं. त्या तारेची मूठ मी मुद्दाम डॅशबोर्डखाली, दिसणार नाही अशी खोचली.

दोन दिवस काका वायरी जोडत होते. मग हळूच माझ्याजवळ आले. "बापू, हे बंद कसं होते रे?"

बापू! गरज पडली तर बापू.

"किल्लीनं, काका. अजून कायनं?"

व्यापाऱ्यानं नारळ फोडला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वायरिंगमध्ये खोट नव्हतीच. काकांनी ऐटीत किल्ली फिरवली, काढली, व्यापाऱ्याच्या हातावर ठेवली.

इंजिन धडधडतच राहिलं.

"अहो, बंद करा ना!" व्यापारी म्हणाला. काकांनी किल्ली परत घेतली, घातली, फिरवली, काढली. मग बॅटरीची वायरच उपटली. तरी चालूच! "काका, भूत शिरलं वाटते!" समोरच्या चहाच्या टपरीवरून कोणी तरी ओरडलं. तिथले लोक हसून हसून लोळले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. काका वाकून एकेक वायर चाचपत होते. पोटभर पाहून झाल्यावर मी आरामात गेलो आणि तार ओढली.

"इतकं पुसता नाही आलं कोणाले?" मालक ओरडला.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. आता ते सगळं सांगणार म्हणून मी दोन पावलं मागं सरलो.

"नाही पुसलं," ते म्हणाले. "माहीच चूक."

हिशोब घेऊन गॅरेज सोडून जाताना त्यांनी खिशातला, वायरी तपासायचा टेस्ट लॅम्प काढून माझ्यापुढं धरला. "घे. लाव आता वायरीले हात."

मी घेतला.