ओलेटा केचरच्या घरचं कायद्याचं पुस्तक

ओलेटा केचर शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं राबली. हाताला चव, पण माणसांवर विश्वास म्हणून नाही. त्याला कारणही तसंच होतं. तिच्या आजोबांना अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींची, म्हणजे आपल्याच लोकांची, लिपी सहज वाचता यायची, इंग्रजीचं मात्र अक्षरही कळत नसे. गोड बोलून एका परक्याने त्यांची इंग्रजी कागदावर सही घेतली आणि ओढ्याकाठची सगळी जमीन गिळली. आजोबांच्या हाती उरलं ते चेरोकीत छापलेलं कायद्याचं जुनं पुस्तक. जमीन कुणाची, विधवेचा हक्क काय, परक्याला काय करता येत नाही, सगळं त्यात होतं. ओलेटाने ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

एका शनिवारी प्रेंटिस हेल नावाचा माणूस दारात उभा राहिला. बूट नवेकोरे, हातात पीचची पेटी.

"मावशी, तुमच्याकडे एक दुर्मिळ पुस्तक आहे म्हणे. विकत नका देऊ, नुसतं बघू द्या. मी तुमची लिपी शिकलोय."

"कुणी सांगितलं तुला?"

"असंच, कानावर आलं."

असंच? घरात पुस्तक आहे हे फक्त तिच्या भाचीला, शाळेत चेरोकी शिकवणाऱ्या जोलीनला ठाऊक होतं. ओलेटाने त्याला ओसरीवरच बसवलं, आत जाऊन कापडात गुंडाळलेलं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आणलं आणि मधलंच पान उघडून त्याच्यापुढे धरलं.

हेलचे डोळे लकाकले. "वा! जमिनीच्या हक्काचं कलम हेच ना? दहा वर्षं शोधतोय मी!"

"चर्चमधलं गाण्यांचं पुस्तक आहे ते," ओलेटा म्हणाली. "तू बोट ठेवलंयस ते मयताला म्हणतात. पीच घेऊन जा आता."

त्याची गाडी धुरळा उडवत गेली, पण तिच्या मनातलं किल्मिष काही गेलं नाही. तिने जोलीनला फोन लावला.

"कितीला विकलंस मला?"

"आत्या, काय बोलतेस! वर्गातल्या मुलांना दाखवायला एका पानाचा फोटो टाकला होता फेसबुकवर. चुकलंच माझं."

ओलेटाने फोन आपटला. तीन आठवडे ती चर्चमध्ये भाचीच्या बाकावर बसली नाही. पुस्तकाची जागा मात्र चारदा बदलली.

मग एका सकाळी जोलीन रानकांदे घेऊन आली. ओलेटाने ते अंड्यांत परतले. खाता खाता जोलीन हळूच म्हणाली, "मला पुस्तक नको, आत्या. फक्त वाचून दाखव. मी शिकवते ती लिपी, पण हे जुने शब्द मला येत नाहीत. तुझ्यामागे कुणाला येणार?"

हा प्रश्न ओलेटाला झोंबला. तिने पुस्तक काढलं. विधवेचं घर कुणी घेऊ शकत नाही, हे कलम तिने दोनदा वाचलं. दोन शब्दांवर ती स्वतःही अडली.

पुढच्या सोमवारी ती पुस्तक घेऊन जोलीनच्या शाळेत गेली. मुलांना ते जुने शब्द शिकता यावेत म्हणून दोन दिवस पानापानाचे फोटो निघाले. ओलेटा शेजारी खुर्ची टाकून बसून होती. जेवायलासुद्धा उठली नाही, पाव हातात धरूनच खाल्ला.

"आत्या, माझ्यावर अजून भरवसा नाही?" जोलीनने विचारलं.

"आहे की," ओलेटा म्हणाली, आणि पानं मोजू लागली. सगळी होती. तिने पुन्हा एकदा मोजली.