पाचट पेटवायच्या आदल्या संध्याकाळी

सुलक्षणाला राहू गावात कुणी मानसशास्त्रज्ञ म्हणत नाही. ‘येड्यांची डॉक्टरीण’ म्हणतात, आणि तीही हसून ओ देते. दौंडला तिचं समुपदेशनाचं छोटंसं केंद्र आहे. परीक्षेला घाबरलेली पोरं, झोप उडालेली माणसं तिथं येतात. पण दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा सोसल्यापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा होता, तो म्हणजे पाचट.

ऊस तुटून गेला की रानात वाळक्या पाल्याचा जाड थर उरतो. तो तसाच ठेवला तर जमिनीत ओल टिकते; पेटवला तर धूर आणि राख. ऊन दरसाल जास्त भाजून काढतंय हे सगळ्यांना कळत होतं, तरी सगळे पेटवत होते. गेल्या हंगामात तिनं पडद्यावर चित्रं दाखवून जोरदार भाषण ठोकलं. लोकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी काडी लावली. सुलक्षणा अशी काही चिडली की विचारू नका.

यंदा मात्र तिनं शिकवणं सोडलं आणि स्वतःचं खरं काम केलं. एकेकाला बांधावर गाठून नुसतं ऐकून घेतलं. शेजारचा मच्छिंद्र म्हणाला, “मला ठिवायचंय वो वैनी. पण रान घाण दिसतं. आबा म्हणतील, आळशी हाय.” दुसराही तेच बोलला, तिसराही तेच. सुलक्षणा हरखूनच गेली. अरे, हे तर सगळे एकमेकांना भिऊन बसलेत!

आबा म्हणजे तिचे सासरे, सर्जेराव. त्यांचं रान पेटलं की सगळं शिवार पेटायचं, आणि यंदा त्यांनी उद्याची सकाळ ठरवली होती. घरात त्यांच्यापुढं तिचा आवाज फुटत नसे. तरी हातात एवढीच संध्याकाळ होती. तिनं सगळ्यांना देवळाच्या मंडपात जमवलं.

“डोळे मिटा. पाचट ठेवावंसं ज्याला वाटतं त्यानं हात वर करा. कुणी बघत नाही.”

थोडी कुजबुज झाली. मग एक हात वर गेला, दुसरा गेला, पुढं मोजायचं तिला सुधरेना. पहिल्या रांगेत खुद्द सर्जेरावांचा हात ताठ उभा!

“हात खाली घेऊ नका! आता डोळे उघडा!” ती जवळजवळ ओरडलीच.

सर्जेरावांनी मागं वळून पाहिलं. “आरं मच्छिंद्रा, तू बी?”

“म्या तर तुमच्या भ्यानं पेटवत व्हतो, आबा.”

“आन् मी तुमच्या! म्हटलं, लोक म्हणायचे सर्जेराव थकला.”

मंडप हसून हसून लोटपोट झाला. सर्जेराव उठले. “उद्या कुणी काडी लावायची न्हाई,” त्यांनी ठणकावलं आणि सुनेकडं वळले. “सूनबाई, येवढा घाट घातलास. आदी मलाच का न्हाई इचारलंस?”

सुलक्षणानं जीभ चावली.

“तुमच्या भ्यानं, आबा.”