पुनारामचं रबरी गांडूळ

रुख्माबाईला बाजारची मासळी चालत नसे. बर्फातली मासळी घरात आली की ती नाकाला पदर लावायची आणि नवऱ्याला ठणकावून सांगायची, "हे मी मेल्यावर खाईन जी. जित्तेपणी मले तुमच्या गरीचीच पाहिजे." गरी म्हणजे गळाची बांबूची काठी. पुनाराम उईकेने जन्मभर जंगल खात्यात मजुरी केली, पण गावात त्याची ओळख गरीवाला अशीच. चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी त्याची बसायची जागा ठरलेली होती आणि तिथे दुसरं कोणी बसलं की तो आठवडाभर त्या माणसाशी बोलत नसे.

आज रुख्माबाईला जाऊन वर्ष झालं. दुपारी तिच्या नावाने पान वाढायचं होतं. त्यासाठी लेक दुर्गा सालेकशाहून कालच आली होती. सकाळी चूल पेटवता पेटवता ती म्हणाली, "बाबा, चौकातून मासळी आणून घेऊ काय? आई तं म्हणेच, मेल्यावर खाईन."

दोघंही हसले. हसण्यासारखंच होतं ते. मग पुनारामने मान हलवली.

"नाही," तो म्हणाला. "तिच्या पानावर ठेवीन तं गरीचीच ठेवीन. दुपारच्या आत आणतो."

बोलून तर बसला, पण आणायची कशी? गळाला लावायला गांडूळ हवं आणि गांडूळ मिळायचं घरामागच्या उकिरड्यात. गेल्या पावसाळ्यात गुडघे धरले म्हणून त्याने बैलजोडी विकली, मग गायही. ढोरं गेली तसं शेण गेलं, उकिरडा गेला, आणि आता मोहफुलं पडायच्या दिवसांत तिथली माती भाजलेल्या विटेसारखी झालेली. त्याने कुदळीने दोन वितीपर्यंत खणून पाहिलं. एक गोगलगाईचा शंख निघाला तेवढा.

तो उकिरडा होता तेव्हा गांडुळं निवडायचं काम रुख्माबाईचं. पुनारामला त्यात हात घालू देत नसे. एकेक गांडूळ तळहातावर घेऊन ती बघायची, हळूच फुंकर मारायची. जे शेपटीकडून थरथरेल ते डब्यात, बाकीची परत मातीत. पुनाराम मोठं, जाडजूड गांडूळ मागायचा, तर ती खेकसायची, "मासा पाहून काऊन निवडता? पाणी पाहून निवडा ना." चैत्रात पाणी उतरून नितळ झालं की ती बारीक आणि मातकट रंगाचीच गांडुळं द्यायची. आणि सगळ्यात शेवटी त्याचे हात हुंगायची. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास आला की तलावाच्या गाळाने हात घासून यायला लावायची. जंगलातल्या वाघाला न भिणारा पुनाराम त्या तपासणीला भ्यायचा.

शेवटच्या वर्षी गळाला गांडूळही तीच ओवू लागली, कारण पुनारामचा उजवा हात कापायला लागला होता. ओवताना गळ बोटात शिरायचा. तो कुरकुरला की ती त्याचं मनगट आपल्या मुठीत धरायची आणि हात कसा निवांत व्हायचा. ती गेल्यापासून तो डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवायचा. जेवताना, बिडी पेटवताना, चारचौघांत. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला तशी सवयच आहे.

उकिरड्याच्या खड्ड्यापाशी उभं असताना त्याला विक्कीची पेटी आठवली. नागपुरात नोकरीला असलेल्या पोराने दिवाळीला बापासाठी आणलेली. पेटीत रबराची गांडुळं होती आणि शिशाचं डोकं असलेले गळ. तेव्हा पुनारामने ती बघून म्हटलं होतं, "मासे का बावळट आहेत काय रे?" आणि पेटी फळीवर टाकून दिली होती. आज त्याने ती निमूटपणे खाली काढली.

तलावावर पोचला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. पेटीत नारिंगी, हिरवी, चमचमणारी, करंगळीएवढी जाड, असले नाना प्रकार. पुनारामने अर्थातच सगळ्यात जाड नारिंगी उचललं. त्याला जड शिशाचा गळ लावला. रबर ओवायला सोपं, बोटांशी झटापट करत नव्हतं. मग सवयीने खर्ऱ्याची चिमूट गालात सारून त्याने गरी टाकली आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून बसला.

काही म्हणजे काही नाही. जड शिसं गाळात रुतायचं. काठच्या अर्जुनाच्या झाडाच्या मुळांपाशी मरळ वर येऊन हवा घेत होती, बुडबुडे स्पष्ट दिसत होते. एकदा दोरी हलली, पण माशाने गांडूळ तोंडात धरून लगेच थुंकलं. पुनारामने गळ वर ओढला, रबर हुंगलं आणि स्वतःलाच शिवी दिली. जितं गांडूळ आपल्या ओलीने बोटांचा वास झाकतं. रबर कसलं झाकणार? खर्ऱ्याचा भपका येत होता.

त्याने खर्रा थुंकला, चूळ भरली, काठच्या गाळाने कोपरापर्यंत हात घासले. मग पेटी मांडीवर घेऊन परत निवडायला बसला. पाणी नितळ होतं. नारिंगी नको. चमचमणारं नको. तळाशी मातकट रंगाची चार-पाच बारीक गांडुळं होती, काडीसारखी. विक्कीने आणलेल्यांतली सगळ्यात गरीब दिसणारी. त्यातलं एक त्याने तळहातावर ठेवलं. आजूबाजूला कोणी नाही बघून फुंकर मारली. शेपटी थरथरली.

"हेच ना?" तो मोठ्याने म्हणाला.

शिशाचं सगळ्यात हलकं डोकं लावून त्याने गरी टाकली. गांडूळ अलगद तळाला गेलं आणि तिथे मेल्यासारखं पडून राहिलं. मरळ फिरकेना. सूर्य डोक्यावर येत चालला होता, घरी दुर्गा भात टाकून बसली असेल. बसून बसून पुनारामचा डावा हात अवघडला, म्हणून त्याने उजवं मनगट सोडलं.

हात कापायला लागला. काठीचं टोक कापायला लागलं, दोरी कापायला लागली, आणि खाली नितळ पाण्यात ते रबरी गांडूळ जागच्या जागी शेपटी थरथरवू लागलं. बैलाच्या पाठीवर माशी बसली की कातडी थरथरते ना, तस्सं. पुनाराम बघतच राहिला. त्याला परत मनगट धरावंसं वाटलं, पण धरलं नाही. मुळांमधून एक काळी सावली सरकली आणि दोरी ताणली गेली.

मरळ हातभर होती. काठावर आणेपर्यंत पुनाराम कंबरेपर्यंत भिजला.

दुपारी दुर्गाने भात वाढला, मोहाच्या दारूची धार सोडली आणि मरळीचा वाडगा बापाच्या हाती दिला. "तूच ठेव, बाबा." शेजारच्या देवकाबाई, नंदाबाई, झाडून सगळे बघत होते. पुनारामचा हात असा कापत होता की रस्सा पळसाच्या पानावर सांडला, पाटावर सांडला, त्याच्या धोतरावर सांडला. दुर्गा धरायला पुढे झाली.

"राहू दे," तो म्हणाला. "कापू दे त्याले. यानंच आणली तुह्या मायसाठी."

आणि त्याने डावा हात मांडीवरच ठेवला.