कढईवाल्याच्या घरचे सुवासिक साबण

साबणाच्या कारखान्यात कढईवर उभं राहणाऱ्या माणसाला स्वतःचा वास येत नाही. तो सोडून बाकी साऱ्या जगाला येतो. जनावरांची चरबी उकळायची आणि वर येणारी घाण झाऱ्याने काढायची, हे त्याचं काम. गुलाब आणि चंदन पुढच्या खोलीत मिसळतात, तिथल्या माणसांचे शर्टही पांढरे. चर्चच्या मंडळीत सगळे त्याला कढईवाला म्हणत, आणि उपासनेला तो ज्या बाकावर बसे तिथे कायम ऐसपैस जागा असे.

त्याचं त्याला काही नव्हतं. डोकं फिरलं ते बायकोचा पाय चिघळल्यापासून. मधुमेहाने पोटरीला जखम झाली, ती भरायचं नाव घेईना. डॉक्टर झाले, मलमं झाली, प्रार्थना तर रतीब लावल्यासारख्या झाल्या. रोज संध्याकाळी तो पट्टी सोडवायचा. पट्टीला चिकटून पिवळा पू यायचा, कडेची काळी कातडी सुटून यायची, आणि मग तो वास.

मंडळीतल्या बाया भेटायला यायच्या. दाराजवळच्या खुर्च्या पकडायच्या, रुमाल नाकाला लावायच्या आणि डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायच्या. जाताना प्रत्येकीने, ठरवल्यासारखा, एक सुवासिक साबण ठेवून जावं. फळीवर रास झाली. सगळे त्याच्याच कारखान्याचे! ज्या घाणीला तुम्ही नाक मुरडता तीच चोळून आंघोळ करता बायांनो, असं तो मनात म्हणायचा. गायनमंडळातल्या पुढारीणबाई म्हणाल्या, देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. मग तुम्हाला वर्गातच घेतलं नाही वाटतं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. बायकोने डोळे वटारले म्हणून राहिलं. दुसरीने तर आवाज खाली आणून विचारलं की, एखादं लपवलेलं पाप आहे का. त्याने उठून तिच्यासाठी दार उघडलं.

शेवटी त्याने बायकोला सांगून टाकलं की बास झालं. या रविवारपासून मंडळीत पाऊल टाकणार नाही. ज्या देवाची माणसं अशी, त्या देवाचं प्रेम ते काय असणार? तिने वाद घातला नाही. एकदा प्रभुभोजनाची भाकर नि प्याला घरी येऊ दे, मग तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच म्हणाली.

मंडळीची रीत जुनी होती. आजाऱ्याच्या घरी द्राक्षरसाचा एकच प्याला न्यायचा. आधी आजाऱ्याने प्यायचं, मग घरच्यांनी, आणि उरलेलं पाळकाने. ओतून थेंबही टाकायचा नाही.

पाळक तरुण होता, कडक इस्त्रीतला. पट्टीतून झिरपलेला डाग बघून त्याचा चेहरा उतरला. भाकर वाटून झाली. मग प्याला हातात धरून तो मधाळ आवाजात म्हणाला, आज जरा उलटं करू, आधी मी घेतो, म्हणजे ताईंना निवांत पिता येईल.

कढईवाला ताडकन उठला. त्याच्या जिभेवर आलेला शब्द प्रभुभोजनाच्या शेजारी ठेवण्यासारखा नव्हता. पण बायकोच बोलली.

"किळस येते ना, पाळकसाहेब? येऊ द्या. प्रभूला तरी क्रुसावरच्या दुःखाचा प्याला कुठे प्यावासा वाटत होता? टळला तर बघ, असं देवबापाला म्हणालाच की. नाही टळला. तरी प्याला, आपल्यासाठी. माझा पाय बरा होवो न होवो, माझा भरवसा त्याच्यावर आहे."

पाळकाचे कान लाल झाले. कढईवाल्याला फार बरं वाटलं, पण क्षणभरच; ती त्याच्याकडे वळली.

"आणि तुम्ही एवढे ताठ उभे राहू नका. पट्टी बदलताना तोंडाने श्वास घेता, दिसत नाही का मला?"

कढईवर नवा माणूस आला की पहिल्यांदा हेच शिकवतात: नाक बंद, तोंड उघडं. म्हणजे त्याचाही रुमालच होता, फक्त दिसत नव्हता. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्यापासून. पण एक दिवस चुकवला नाहीत. देवा, विसरलास का मला, असं म्हणावं, तर तुम्ही आलातच पट्टी घेऊन, तोंड वासून."

ती प्याली. तो प्याला. पाळकाने प्याल्यात बघितलं, डोळे मिटले आणि एका घोटात संपवलं. अंगावर काटा आला त्याच्या, पण गिळलं. मग दाराजवळची खुर्ची उचलून त्याने पलंगापाशी आणली आणि काही न बोलता बसून राहिला. त्याचं सगळ्यात चांगलं प्रवचन तेच.

संध्याकाळी कढईवाल्याने पट्टी सोडवली. तोंड घट्ट मिटलं आणि नाकाने श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"कसा आहे वास?" तिने विचारलं.

"घाणेरडा," तो म्हणाला आणि नवी पट्टी गुंडाळू लागला.

रविवारी तो उपासनेला गेला. पिशवीत साबण भरून नेले आणि दारातच जिचा तिला परत दिला. बाक नेहमीसारखा ऐसपैस होता.