मार्थाताईची डावी सँडल

मार्थाताईला जाऊन महिना झाला. तिच्या भाच्याचा, सॅम्युअलचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात कणीक मळत होते. "शोभामावशी, मार्थामावशी गेली," एवढंच म्हणाला. हात धुतले आणि अमरावतीची एसटी धरली. रडणं वाटेतच उरकून घ्यावं म्हटलं, कारण पोचल्यावर आपल्याला भांडायचं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तीस वर्षं आम्ही अमरावतीच्या एका दवाखान्यात, एकाच वॉर्डात नर्स होतो. ती ख्रिस्ती, मी बौद्ध. डबा एकत्र खायचो, बाकी एकमत कशावरच नाही. माणूस मेला की संपला, असं माझं म्हणणं. ती उसळायची, "संपते कसा? उठते! शरीरासकट उठते!" आणि मग तिची गाडी सुटायची. उठल्यावर ती आधी चिखलदऱ्याचा घाट पायी चढणार होती, मधे कुठंही न टेकता. मग पिशवीभर संत्री खाणार, साखर न तपासता. "तिथं कुठली आली संत्री?" मी छेडायचे. "काहून? देवाले वऱ्हाड माहीत नाही का?" तिची आई शेवटच्या वर्षांत लेकीलाही ओळखत नव्हती. तीच आई तिथं लांबूनच हिचं नाव घेऊन हाक मारणार... हे सांगताना मात्र ताईचा आवाज कापायचा आणि मी माझा डबा तिच्यापुढे सरकवायचे. इतका आनंद कुणी आधीच ठरवून ठेवतं का, याचा मला राग यायचा. खरं सांगते, हेवाही वाटायचा.

चार वर्षांपूर्वी साखरेपायी तिचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मी भेटायला गेले तर बाईसाहेब पलंगावर बसून नव्या सँडल निरखून राहिल्या होत्या. चांगली जोडी! मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"मेल्यावर माह्या पेटीत घालाच्या आहेत. दोन्ही. घरचे एकच घालतीन, म्हणून तुले सांगून राहिली."

"ताई, माझा विश्वास नाही यावर."

"तुले विश्वास ठेव कोण म्हणते? सँडल ठेव."

मी शब्द दिला.

घरी पोचले तेव्हा बायकांनी तिला आंघोळ घालून पांढरी साडी नेसवली होती. "सिस्टर, पुढचं तुमीच आवरा," म्हणाल्या. मी बँडेजची पट्टी घेतली. वॉर्डात माणूस गेला की पायांचे दोन्ही अंगठे एकत्र बांधायचे. हे काम शेकडो वेळा केलेलं. एका अंगठ्याला वेढा दिला आणि दुसऱ्याकडे हात नेला... हाताला नुसती चादर लागली. एवढी मुरलेली नर्स मी, आणि विसरले! तिथेच भडभडून आलं. एसटीतलं सगळं रडणं फुकट गेलं.

मग मी सँडलची जोडी काढली आणि व्हायचं ते भांडण झालं. त्यांच्या चर्चमधले एक वयस्कर काका समजुतीनं म्हणाले, एकच घाला, लोक बघतील, बरं दिसत नाही. सॅम्युअलही म्हणाला, "मावशी, दुसरी कोणाच्या कामाची?"

"तिच्या," मी म्हटलं. "दर रविवारी म्हणता ना तुमी, मेलेले उठतीन म्हणून? मग हिले काय एका पायावर उठवता?"

काकांनी चष्मा काढून पुसला आणि ते बाजूला सरकले.

मी आजही मानत नाही. पण शब्द म्हणजे शब्द. तिला पेटीत ठेवल्यावर उजवी सँडल तिच्या पायात घातली. डावी, जिथे पाऊल असायला हवं होतं, तिथे साडीच्या काठाशी नीट ठेवली. झाकण लावायला उचललं गेलं तसं मी "थांबा" म्हणाले, पुन्हा वाकले आणि डाव्या सँडलचं बक्कल सोडून पट्टा मोकळा केला. पहिल्यापासून भारी घाईची बाई ती. उठल्याउठल्या बक्कल काढत बसायला नको.