काळ्या काठाची पाकिटं

सुरतेहून परत येत होते. विसरवाडीला बस थांबली, लोक चहाला उतरले आणि माझा मोबाइल वाजला. आमच्या घराण्याच्या ग्रुपवर आप्पाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, फोटो आला होता. कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. खाली दोन ओळी आणि त्याखाली लगेच हात जोडलेल्यांची रांग. वर कुणीतरी सकाळी पाठवलेलं गुलाबाचं फूल तसंच होतं. पहिला विचार काय आला सांगू? याला हे मुळीच आवडलं नसतं. मरणाची बातमी, आणि ना तिकीट, ना शिक्का, ना हातात धरायला कागद... शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झायं, ताई?" मी म्हटलं, काही नाही. आणि शहाद्यापर्यंत रडत आले.

आप्पा तापीकाठच्या आमच्या गावात केळी आणि कापूस करायचा आणि उरलेल्या वेळात अमेरिकेची जुनी तिकिटं जमवायचा. ऐकणारा आधी हसायचाच. केळीवाल्याला अमेरिकेच्या तिकिटांचं काय? पण त्याचा धाकटा भाऊ सुभाष नोकरीसाठी तिकडे गेला, तिथल्या कुठल्याशा प्रदर्शनातून त्यानं भावाला गंमत म्हणून एक जुनं पाकीट पाठवलं, आणि हा त्यात जो बुडाला तो बुडालाच. ते पाकीट एकोणिसाव्या शतकातलं, त्यावर आगगाडीचं इंजिन छापलेलं निळं तिकीट. तिकीट तीन सेंटचं, एवढंसं. पण भिंगातून पाहिलं की इंजिनाचा धूर मागे जाताना दिसायचा. पुढे तो तिकिटांपेक्षा पाकिटांतच जास्त रमला. सुटं तिकीट म्हणजे त्याला झाडावरून पडलेलं पान वाटायचं. पाकिटावर पत्ता असतो, शिक्का असतो, कुणाच्या तरी हाताची घडी असते. त्या काळी तिकडचे पोस्टमास्तर बुचावर स्वतःच चांदणी नाहीतर पान कोरून शिक्के करायचे, हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की मी एकदा चिडून म्हटलं, "आता तूच एक बूच कोर आणि माझ्या कपाळावर मार." कुणी पाहायला आलं, मग तो सरपंच असो की जावई, आप्पाचं पहिलं वाक्य ठरलेलं. "हात नको लावू, चिमटा ले." बायकोलाही तेच. वहिनी म्हणायची, संसारात मला कधी नीट हात धरून बोलावलं नाही, पण चिमटा मात्र रोज हातात दिला.

आता ती काळ्या पाकिटांची गोष्ट. आमच्याकडे मयताचं पत्र घरात घेत नाहीत. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की दारातच उभं राहून वाचायचं, तिथल्या तिथे फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. उंबऱ्याच्या आत तो कागद येता कामा नये. सुभाषला हे ठाऊक होतं, पण इतकी वर्षं तिकडे राहून तो विसरला असावा. त्यानं एकदा मोठ्या लखोट्यात घालून एक दुर्मिळ पाकीट पाठवलं. तिकडे जुन्या काळी दुखवट्याचं पत्र काळ्या काठाच्या पाकिटातून जायचं, त्यातलं ते. आप्पा शेतात होता. पोस्टमननं लखोटा वहिनीच्या हातात दिला, तिनं ओट्यावरच उघडला, आणि आतून निघालं काय, तर चारी बाजूंनी काळं पाकीट, अमेरिकेचं तिकीट लावलेलं. तिला इंग्रजी येत नाही. पण काळा काठ कुणालाही वाचता येतो. आणि अमेरिकेत आमचं माणूस एकच.

तिनं रीतीप्रमाणे ते उंबऱ्याबाहेर फाडलं. मग आत जाऊन सासूला सांगितलं. आम्ही तिला जिजी म्हणायचो. गल्लीतल्या बाया जमल्या, जिजीनं धाकट्या लेकाचं पाणी घेतलं. आप्पा शेतातून आला तेव्हा घरात रडारड चाललेली आणि ओट्यावर त्याच्या पाकिटाचे दोन तुकडे. त्यानं फोन लावला. तिकडे रात्र, सुभाष झोपेत, घाबरून विचारतोय काय झालं. जिजीच्या कानाला फोन लावला. तिनं लेकाचा आवाज ओळखला. नंतर गल्ली पोट धरधरून हसली. जिजी हसली नाही. "जीवता पोऱ्यानं पानी लिधं मी," एवढंच ती म्हणत राहिली. सुभाषला काही झालं नाही, तो आजही ठणठणीत आहे. पण जिजी जाईपर्यंत दारात पोस्टमन दिसला की भिंतीकडे तोंड करून बसायची. आणि वहिनीनं निक्षून सांगितलं, "मन्हा दारमा हाई काळं नको."

म्हणून काळी पाकिटं शहाद्याला माझ्याकडे आली. पत्र्याची पेटी, आत त्यानं पुढे एकेक करून जमवलेली काळ्या काठाची पाकिटं आणि ते फाटलेलंही, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी. चिकटवलं नाही त्यानं. मी एकटी राहते, जन्मभर गणित शिकवलं, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी तो दर बाजाराच्या दिवशी यायचा, पेटी उघडायचा आणि पत्ते मोठ्यानं वाचायचा. मिसेस एलायझा, अमुक गाव, व्हर्माँट... मिस कॅरोलाइन... भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. सगळी पाकिटं रिकामी. आतली पत्रं कुठे गेली? आप्पाचं म्हणणं, त्यांनी फाडली असणार, आपल्यासारखीच. "कागद फाडा, पाकीट ऱ्हाई गयं." मी म्हणायचे, अमेरिकेतल्या बायकांना तुझी खान्देशी रीत कोणी शिकवली? तो भिंगातून वर बघायचा. "मंग पाकीट काब्र ठेवं त्यास्नी?" पाकीट का ठेवलं, तेवढं सांग, म्हणायचा आणि पुढचा पत्ता वाचायला घ्यायचा.

आप्पा गेला त्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी मी पेटीसमोर बसले. उघडली नाही. आणि मग लक्षात आलं की ओठ हलताहेत, मी ते पत्ते म्हणते आहे, त्याच्याच आवाजाच्या चालीत. खरं सांगते, मला भीती वाटली. त्याहून वाईट म्हणजे थांबावंसं वाटलं नाही.

महिना उलटल्यावर वहिनी आली. आजवर कधी एकटी आली नव्हती. पाणीही न घेता म्हणाली, "ते घरमाच शेतस, ताई. सकाळले खोकतस. टेबलवरनं भिंग हालस, माले ऐकू येस." मी म्हटलं, आप्पा घरातच कसा असेल? वहिनी, झोप होत नाही तुमची. तिनं मान हलवली. "सगळास्ना कागद उना. जिजीना भाऊना उना, मन्हा बापना उना. मी दारमा फाडा, आनी त्या गयात. त्यास्ना कागदच उना नही. सगळं मोबाइलवर. मी काय फाडू?" आप्पाच्या मरणाचा कागद आलाच नव्हता, म्हणून तिच्या लेखी तो गेलाच नव्हता. मग ती ज्यासाठी आली होती ते तिनं मागितलं. "एक काळं पाकीट दे. दारमा उभी ऱ्हाईसन फाडसू."

मी फाटलेलं पुढे केलं. तिनं बघितलंही नाही. "ते सुभाषनं व्हतं." मला राग आला, हे लपवत नाही. दीडशे वर्षं टिकलेली वस्तू, आप्पानं जिवापाड जपलेली. आणि समोर बाई उभी, डोळे खोल गेलेले, नवऱ्याला निरोप द्यायला एक कागद मागते आहे. मी पेटी उघडली. एलायझाबाईंचं पाकीट काढलं, काळ्या काठाचं आणि तसंच निळ्या इंजिनाचं तिकीट लावलेलं, त्याचं सगळ्यात लाडकं. द्यायचं तर उरलंसुरलं कसं द्यायचं? तिनं ते पदरात गुंडाळलं आणि गावाच्या बसनं निघून गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

परवा गावी गेले. ओट्यावर, उंबऱ्याशी, तुळशीजवळ, सगळीकडे माझी नजर तुकडे शोधत होती. कुठेच नव्हते. वहिनी मला आप्पाच्या खोलीत घेऊन गेली. टेबलावर त्याचं भिंग, आणि भिंगाखाली ते काळ्या काठाचं पाकीट. अख्खं. उंबऱ्याच्या आत. मी तिच्याकडे बघितलं.

"हात उठना नही," ती म्हणाली. "फाडं तं ते जातीन."

व्हर्माँटच्या त्या बाईनं पाकीट का ठेवलं असेल, ते मला तेव्हा कळलं. आप्पाला सांगायला हवं होतं... मी पुढे होऊन पाकिटाचा काठ चाचपायला गेले. वहिनीनं माझं मनगट धरलं आणि खण उघडला.

"हात नको लावू," ती म्हणाली, "चिमटा ले."