साडूभाऊंचं ‘कावून’

अख्ख्या वऱ्हाडात इतक्या चिकाटीने हरणारा माणूस दुसरा नसेल, असं मी आमच्या साडूभाऊंबद्दल छातीठोकपणे सांगतो. अमरावतीच्या कोर्टात वकिली करताना त्यांची अर्धी हयात एकाच प्रश्नापायी गेली: कुठेही चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या बेड्यावर, त्यांच्या वस्तीवरच कावून जातात? या ‘कावून’ने, म्हणजे आपल्या ‘का’ने, त्यांची जीभ इतकी नासवली, की बाजारात वांगी घेतानाही उलटतपासणी सुरू. “हे आज सकायीच तोडलं, हे तुमी सोताच्या डोयानं पायलं काय?” भाजीवाली मुकाट्याने टोपली झाकते. घरी भाजीत मीठ कोणी टाकलं याची चौकशी निघाली, की माझी मेहुणी कडाडते, “मी तुमची बायको होय, साक्षीदार नोय!”

दर्यापूरला माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना फोन आला. बेड्यावरच्या गुलाबला, गवंडीकाम करणाऱ्या पोराला, मोटरपंपाच्या चोरीत उचललं होतं. साडूभाऊ अक्षतांच्या मुठीसकट जीपमध्ये बसले. ठाण्यात हातवारे करताना मूठ उघडली आणि अक्षता थेट ठाणेदाराच्या डोक्यावर पडल्या.

“वकीलसाहेब, माह्यं लगन लावून राहिले का?”

“थे मंग पाहू. याले चोरी करताना कोणी पायलं?”

“पाहाची गरज काय? यायची जातच तशी.”

या एका वाक्याविरुद्ध साडूभाऊ कित्येक वर्षं भांडले. गुलाबची कामं गेली, ठरलेली सोयरीक मोडली. शेवटी तो निर्दोष सुटला, तेव्हा साडूभाऊ पेढे घेऊन अकोल्याला माझ्याकडे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा साक्षीपुरावा न मागता दोन वेळा जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतानाच फोन आला. कुठे तरी दुकान फुटलं होतं आणि गुलाबला पुन्हा उचललं होतं.

मीही सोबत गेलो. गुलाब ठाण्याच्या कोपऱ्यात उघड्या अंगाने बसला होता. शेजारी शर्ट नीट घडी करून ठेवलेला. साडूभाऊंचा पारा चढला.

“कोणं काढला याचा शर्ट?”

“मीच काढला, साहेब,” गुलाब हळूच म्हणाला. “नवा हाय. मारताना फाटते.”

साडूभाऊ त्याच्यासमोर फरशीवर बसले. लहान लेकराला घालावा तसा त्यांनी तो शर्ट गुलाबच्या अंगात घातला. वरपासून खालपर्यंत एकेक गुंडी लावली. “आमाले सवय हाय, साहेब,” गुलाब उलट त्यांचीच समजूत काढत होता.

दुपारी दुकान फोडणारा भलताच निघाला आणि गुलाबला सोडलं. माफी कोणी मागितली नाही.

परतीच्या एसटीत साडूभाऊ म्हणाले, “भाऊ, निकाल भेटते. पन त्याच्या अंगातलं भेव कोणत्या कोर्टातून काढू मी?”

मूर्तिजापूर मागे पडलं. मी फक्त त्यांच्याकडे थोडा अधिक सरकून बसलो.